मुलींपुरता तास

चारुताबाईंचा नवरा तारापूरच्या अणुवीज केंद्रात, माहेर कराडकडचं आणि नोकरी बोईसरजवळच्या शाळेत. कुटुंबजीवन शिक्षणाचा तास घ्यायला एकही शिक्षक तयार होईना, तेव्हा हेडसरांनी तो बाईंच्या गळ्यात घातला. सर त्याला नावानेसुद्धा हाक मारत नसत. "तुमचा तो तास" म्हणत, तेही खिडकीबाहेर बघत.

बाई मात्र तो जीव ओतून घेत. कुणी मर्जीविरुद्ध हात लावला तर जोरात 'नाही' म्हणा आणि घरी सांगा, हे त्यांनी मुलींकडून पाढ्यासारखं घोकून घेतलं होतं.

दहावीतल्या वैभवीने ते मनावर घेतलं. नवापूरला टमटममधून उतरल्यावर शेजारच्या आळीतल्या जितेशने तिला आडोशाला ओढलं. ती ओरडली, निसटली आणि तिने घरी जाऊन आईला सगळं सांगितलं. मग दोन्ही घरची वडीलधारी बसली. चहा झाला, पान झालं आणि तोडगा निघाला: पोरीचं नाव खराब झालंच आहे, तर त्यालाच देऊन टाकू. शाळा बंद, रविवारी हळद. मुलगी सोळा वर्षांची.

वैभवीच्या मैत्रिणींकडून हे कळलं आणि बाई शाळा सुटताच नवापूरला धावल्या. वैभवीचा बाप बळवंत ओटीवर जाळं शिवत बसला होता.

"बळवंतदादा, अहो, त्याने जबरदस्ती केली तिच्यावर!"

"म्हनूनच त्याला देतोय ना. दुसरा कोन घेल?" त्याने दोरा दाताने तोडला. "घरी सांगा, तुमीच शिकवलं. तिनं सांगितलं. आता आमी निस्तरतोय."

"तुमा घाटावरच्यांना आमचं नाय कळायचं, बाई. च्या घ्या," आई सुलूने कप पुढे केला.

तेवढ्यात नवरदेवच आला आणि बाईंच्या पाया पडला. चार वर्षांपूर्वी तो त्यांच्याच वर्गात होता. आता एमआयडीसीत कामाला.

"जितेश, ती नाही म्हणाली होती ना तुला?"

"पोरी आदी नायच म्हनतात, बाई."

"हे कुणी शिकवलं तुला?"

"कुनीच नाय शिकवलं. त्या तासाला आमाला तुमी कबड्डीला पाठवायच्या."

बाईंनी कप खाली ठेवला. पोरं खिदळतात, तास होत नाही, ती बाहेरच बरी, ही सूचना त्यांचीच. हेडसरांनी तेव्हा कौतुक केलं होतं.

त्या उठून मागच्या पडवीत गेल्या. वैभवी सुपात सुकट पाखडत होती.

"मी दहा-नव्व्याण्णवला, चुकले, दहा-अठ्ठ्याण्णवला फोन करते. मुलांच्या मदतीचा नंबर आहे."

"नको, बाई! पोलीस पप्पांना नेतील. तुमच्या पाया पडते."

"तुला करायचंय हे लग्न?"

"नाय."

"मग?"

"हेपन नाय, तेपन नाय. एकदा सांगून बगितलं ना मी? आता तुमी कुनाला सांगू नका."

बाई दारासमोरच्या दगडी पाखाडीवर आल्या. हिचं ऐकावं तर रविवारी हळद. न ऐकावं तर जितेशमध्ये आणि आपल्यात फरक तो काय? त्यांनी स्वतःला पुन्हापुन्हा बजावलं, पोर सोळाची आहे, सोळाची आहे. त्याने धीर काही आला नाही. त्यांनी नंबर लावला.

"मुलीचं नाव सांगा, मॅडम."

वैभवी मागोमाग दारापर्यंत आली होती. ती नुसती नाही-नाही अशी मान हलवत राहिली.

बाईंनी तिच्याकडे बघतच नाव सांगितलं. मग बापाचं. मग गाव.

वैभवी आत वळली आणि तिने आतून कडी घातली.