खाऱ्या पाण्यातला भात

अंजूरला आमचं शेत खाडीच्या बांधाला लागून आहे. बांध फुटला त्या वर्षी भरतीचं पाणी आत शिरलं आणि उभा भात करपला. पुढच्या वर्षी लावलेली रोपंही पिवळी पडली. शेजारच्यांनी जमिनी गोदामांना दिल्या. आमच्या घरातही तेच बोलणं सुरू झालं. मी तेव्हा जवळच्या वळ गावातल्या गोदामात पॅकिंगला जायचे. मलाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

माझी मोठी जाऊ मात्र अंबाडी गावच्या शेतकरी मेळाव्याला गेली आणि पिशवीभर भाताचं बियाणं घेऊन आली. हे वाण खार सोसतं, संकरित नसल्यानं घरचंच बी राखून पुढं पेरता येतं, असं तिथल्या शास्त्रज्ञ बाईंनी तिला सांगितलं होतं. घरातले हसले. जाऊ म्हणाली, "बांधाकडचा तुकडा मला द्या. न्हाय पिकलं तर जमीन द्यायला मी आडवी येणार न्हाय."

आम्ही दोघींनी बांधाचं भगदाड बुजवलं, खत म्हणून गिरिपुष्पाचा पाला चिखलात तुडवला, रोपं उपटून त्यांची आवणी केली. रोपांनी मूळ धरलं न धरलं, तोच अमावास्येच्या उधाणाचं पाणी बांधावरून आलं. सकाळी पाहतो तर शेताच्या जागी नुसतं गढूळ पाणी. जाऊ बांधावर बसून राहिली.

ओहोटीला पाणी उतरलं, मागोमाग पाऊसही झाला. काही दिवसांनी शिफ्ट संपवून मी शेतात उतरले आणि जागीच थांबले. करपलेल्या पानांच्या बुडातून नवे फुटवे आले होते, ओळीच्या ओळी, हिरव्यागार. मी चिखलाला बोट लावून जिभेवर ठेवलं. अजून खारटच होता. जाऊला हाक मारली. ती आली, वाकून पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "पाय जपून टाक गं. जिता हाय."

दिवाळीच्या सुमारास कापणी झाली. रास मोठी नव्हती, पण लोंब्या भरलेल्या होत्या. शेताकडे फिरकणंच सोडलेले सासरे येऊन बसले, दाणे तळहातावर चोळत, फुंकर मारत. जमीन द्यायचा विषय त्यानंतर घरात निघाला नाही.

त्या भातातलं निवडक बी जाऊनं वेगळं काढलं. खाडीकडच्या दोन घरांनी ते मागून नेलं. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या पडीक खाजणातही, खाडीकाठच्या त्या खाऱ्या जमिनीत, आवणी झाली.