सालीतलं जेवण

लाँड्रीवाल्या ताईंच्या हाताखालून गेलेला शर्ट अंगात घातला, की माणूस आपोआप ताठ चालायचा. तीस वर्षं त्या एका अरुंद दुकानात उभ्या होत्या. पुढे टेबल, मागे पडदा, पडद्यामागे घर. आधी कॉलर, मग बाह्या, पाठ शेवटी. गिऱ्हाईक दारात पाय आपटत उभं असलं तरी हा क्रम त्यांनी मोडला नाही.

घरात त्या आणि त्यांचा धाकटा भाऊ. सगळे त्याला छोट्या म्हणत. वय बेचाळीस, आणि उंची अशी की दारातून येताना मान वाकवावी लागे. तरुणपणापासून त्याला नसलेल्या माणसांचे आवाज ऐकू येत. गोळ्या चालू असल्या की आवाज लांब जात आणि छोट्या टेबलाशी घड्या घालायला येई.

त्या वर्षी मात्र त्याने गोळी सोडली. ताईंनी समजावलं, रागावल्या, रडल्या. शेवटी शक्कल काढली: गोळी वाटायची आणि दुधात ढवळायची. चार दिवस निभावलं. पाचव्या दिवशी एक घोट घेऊन त्याने पेला खाली ठेवला, तो पुन्हा उचलला नाही. भात नको, भाजी नको. खायचा तो फक्त सालीतलं: केळी, संत्री, उकडलेली अंडी, तीही स्वतः सोलून. दोन महिन्यांत गालफडं बसली.

"तू ह्यात काहीतरी घालतेस," तो म्हणे.

"मी? सख्खी बहीण मी तुझी! भास होतात तुला," ताई म्हणत, आणि आजार वाढला म्हणून उशीत तोंड खुपसत.

भूक लागायचं औषध मागायला त्या छोट्याच्या नेहमीच्या दवाखान्यात गेल्या. तिथल्या सिस्टरने त्यांना रुग्णांच्या नातेवाइकांच्या वर्गात बसवलं.

"आजार त्याला, आणि शाळा मला?"

"ताई, इस्त्री काय आईच्या पोटातून शिकून आलात?"

"छे हो, चार शर्ट जाळले तेव्हा आली."

"मग? इथे तर माणूस आहे. बसा."

ताई बसल्या. बाकावर पंधरा माणसं होती. सिस्टरने विचारलं, "खाण्यात लपवून गोळी कोण कोण देतं?" सगळे फरशी बघू लागले. बायकोला सांभाळणारे एक म्हातारे ड्रायव्हर खाकरले, "मी जॅममध्ये घालतो." हशा पिकला. सिस्टरही हसली. मग म्हणाली, "आजारी माणसाला कळलं की त्याचा विश्वास गोळीवरून नाही, तुमच्यावरून उठतो. लपवू नका. गोळी का नको, ते विचारा, आणि डॉक्टरांच्या कानावर घाला."

ताई हसल्या नाहीत. छोट्याच्या सगळ्या भासांमध्ये एवढी एकच गोष्ट खरी होती, आणि तीच त्यांनी खोटी पाडली होती.

घरी आल्या त्या चप्पल न काढताच बोलल्या, "छोट्या, दुधात गोळी मीच घालत होते."

त्याने हातातलं केळं खाली ठेवलं. "मग भास का म्हणालीस?"

"चुकले रे. खोटं बोलले." मग ताईंनी इतक्या वर्षांत कधी न विचारलेलं विचारलं, "का नको वाटते तुला गोळी?"

"सकाळी घेतली की हात जड होतात. घडी वाकडी पडते. तू ती मागाहून गुपचूप मोडून परत घालतेस. मला दिसतं."

ताईंनी आता कुठे चप्पल काढली. त्यांना वाटे, त्याला कळत नाही.

डॉक्टरांकडे दोघं गेली आणि हातांचं छोट्याने स्वतःच सांगितलं. डॉक्टरांनी गोळी सकाळऐवजी संध्याकाळच्या जेवणानंतर घ्यायला सांगितली. गोळ्यांचं पाकीट त्याच्याच खिशात राहिलं.

जेवण मात्र लगेच सुरू झालं नाही. ताई पातेली उघडी मध्ये ठेवत, आधी स्वतः वाढून घेत आणि खात. त्याला आग्रह नाही की खूण नाही. तीन दिवस तो केळं सोलत बघत बसला. चौथ्या संध्याकाळी त्याने ताट ओढलं, भातावर भाजी घेतली, घास चघळला.

"मीठ कमी आहे."

"मग घाल की! हात आहेत ना?"

"तुझी भाजी कायमच अळणी."

दोन महिन्यांत इतकं गोड त्यांच्या कानावर पडलं नव्हतं. आणखी वाढायला ताईंनी पळी उचलली, आणि थांबल्या. पळी पातेल्यात ठेवली, पातेलं त्याच्याकडे सरकवलं आणि आपला घास घेतला.