ओळीची डावी बाजू

आप्पा गेल्याचं मला वर्गाच्या दारात कळलं. कॉलेजचा शिपाई चिठ्ठी घेऊन आला होता. कराडजवळच्या मलकापूरहून फोन होता, आप्पा पहाटे गेले, आणि त्यांच्या पत्नीचा, सुमनकाकींचा निरोप असा की तास बुडवून येऊ नका, आप्पांना ते आवडलं नसतं. मी आत गेले, तास घेतला. विषय नेमका ‘अवधान’ हाच होता, म्हणजे माणसाचं लक्ष कसं लागतं आणि कसं सुटतं. फळ्यावर मी काय लिहिलं ते आज आठवत नाही. मग साताऱ्याच्या स्टँडवर कराडची गाडी धरली... या गोष्टीला आता दीड महिना झाला.

आप्पा म्हणजे धोंडीराम वाघमारे. सांगलीतल्या एका छापखान्यात ते प्रुफं वाचत. पुस्तक छापण्याआधी त्यातल्या चुका शोधायच्या, हे त्यांचं बावीस वर्षांचं काम. मी साताऱ्याला मानसशास्त्र शिकवते. माझं पहिलं पाठ्यपुस्तक त्या छापखान्यात गेलं, तेव्हा मला वाटलं होतं, हे गृहस्थ ऱ्हस्व-दीर्घ तपासतील आणि पानं परत पाठवतील. त्यांनी मलाच बोलावून घेतलं. समोर बसवलं, चहा मागवला आणि म्हणाले, “बाई, एकेचाळीस पानावर तुम्ही म्हणता, लक्ष म्हणजे विजेरीचा झोत. त्रेचाळीसवर म्हणता, मेंदूत लक्षाची अशी एक जागा नाही, वेगवेगळे भाग मिळून ते काम करतात. मग विजेरी एक का अनेक?” त्या दुपारी मी तो परिच्छेद पुन्हा लिहिला. मेंदूत लक्षाची तीन जाळी मानतात : एक माणसाला जागं ठेवतं, दुसरं त्याला हव्या त्या दिशेला वळवतं, तिसरं अनेक गोष्टींतून एक निवडतं आणि बाकीच्यांना थोपवतं. आप्पांनी ते वाचलं आणि मान हलवली. “आता माझ्या मंडळींनाही कळंल.” मंडळी म्हणजे काकी.

एवढं बारकाईनं का वाचता, असं मी एकदा विचारलं होतं. ते सहज बोलावं तसं म्हणाले, “माझ्या बापानं न वाचता अंगठे दिले, बाई. जमिनीच्या कागदावर दिले, कशाकशावर दिले. छप्पन्न साली आम्ही धम्म घेतला आणि त्यानं मला सांगितलं, आता तू वाच. एकदा वाचून भागायचं नाही, दोनदा वाच.”

पाच वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. मिरजेच्या डॉक्टरांनी स्कॅन बघून सांगितलं की मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली आहे. डावा हात-पाय काही महिन्यांत बराचसा सुधारला, ते मलकापूरला स्वतःच्या घरी आले, आणि सगळ्यांना वाटलं निभावलं. मी भेटायला गेले तेव्हा ते जेवत होते. अर्धी भाकरी संपवून ते सुमनकाकींवर चिडले, “भाजी वाढलीच न्हाईस व्हय?” भाजी ताटात डावीकडं होती. काकींनी ताट अर्धं फिरवलं. आप्पा म्हणाले, “हां, आता कशी आली!” गालांची दाढी उजवीकडची झाली होती, डावीकडची तशीच होती.

जेवण झाल्यावर त्यांनी आपणहून पेपर ओढला, मला वाचून दाखवायला. मथळा होता ‘एसटीअभावी प्रवाशांची गैरसोय’. आप्पांनी वाचलं, “सोय.” खालच्या बातमीतल्या ओळी मधूनच सुरू होत होत्या. ‘अपमान’ असेल तिथं ते ‘मान’ म्हणत, ‘नापास’ला ‘पास’. काकी मला हळूच म्हणाल्या, “नंबर वाढलाय म्हणून चष्मा बदलला, तरीबी तसंच.” चष्म्याचा संबंधच नव्हता. त्यांचे डोळे चांगले होते. वळवणारं जाळं दुखावलं होतं, त्यामुळं जगाची डावी बाजू त्यांच्यासाठी नव्हतीच, आणि ती नाही हेही त्यांना कळत नव्हतं. माझ्या पुस्तकात या विकारावर तीनच ओळी होत्या. त्या मी परीक्षेपुरत्या लिहिल्या होत्या.

मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “म्हंजे डोळं गेलं न्हाईत, वळवणारा गडी झोपलाय. मग त्येला उठवूया की.” मी पुण्याला माझ्या सरांना पत्र लिहिलं. त्यांनी सुचवल्याप्रमाणे आम्ही पानाच्या डाव्या कडेला लाल लोकरीचा धागा चिकटवला. धागा दिसल्याशिवाय ओळ सुरू करायची नाही, असा नियम केला. दर पंधरा दिवसांनी रविवारी मी जात असे. पहिले काही आठवडे बरं चाललं. मग छापखान्याच्या मालकांनी विश्वासानं एका लग्नपत्रिकेचं प्रूफ पाठवलं आणि आप्पांनी ते ठीक म्हणून परत केलं. नवरीच्या वडिलांचं नाव चुकलं होतं. ते डावीकडं होतं. पत्रिका छापल्या गेल्या नाहीत, तिथंच कुणीतरी चूक पकडली. पण आप्पांनी धागा उपटून टाकला. मी गेले तेव्हा ते भिंतीकडं तोंड करून पडले होते. “आपलं काय गळालं ह्येच ज्याला कळत न्हाई, त्यानं दुसऱ्याच्या चुका कशा काढायच्या, बाई?” परतीच्या गाडीत मी रडले.

त्या वेळी आप्पांना उभं केलं ते काकींनी, आणि तेही नकळत. एका दुपारी मी बसले होते. माझ्याखातर आप्पा पुस्तक धरून पेंगत वाचत होते, ओळी मधूनच चालल्या होत्या. आत काकींच्या हातून पातेल्याचं झाकण फरशीवर पडलं. आप्पा दचकले आणि पुढच्या दोन ओळी त्यांनी अगदी कडेपासून वाचल्या. मी काकींना म्हटलं, झाकण पुन्हा पाडा. त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. पाडलं. पुन्हा तेच! आवाज झाला की ओळ पुरी, शांतता लांबली की ओळ अर्धी. पुण्याचे सर म्हणाले, जागं ठेवणारं जाळं वळवणाऱ्या जाळ्याला हात देतं, असं परदेशातही काही जण म्हणू लागले आहेत. काकींना जाळ्यांशी देणंघेणं नव्हतं. “आवं, जागं ऱ्हावा!” म्हणत त्या दर दोन-तीन ओळींना पाटावर थाप मारू लागल्या. पुढं आप्पांनी ते काम स्वतःच्या डाव्या हाताला दिलं. ओळ संपली की डावी बोटं मांडीवर आपटायची, “जागा ऱ्हा,” म्हणायचं, मगच पुढं जायचं.

एक अडचण उरली. ओळ पुरी वाचली की नाही, हे काकींना कळणार कसं? त्यांना अक्षरओळख नव्हती. म्हणून त्या आधी ओळीचं पहिलं अक्षर शिकल्या, मग पहिला शब्द. आप्पा शिकवत आणि त्याच वेळी त्यांच्याकडून चूक दाखवून घेत. “आवं, ‘गैर’ खाल्लासा!” असं काकी ठसक्यात म्हणाल्या, तो दिवस मला आठवतो. आप्पा खो-खो हसले. “बरं चाललं हुतं की, जगात नुस्ती सोयच सोय हुती!”

दोन वर्षांपूर्वी माझ्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली. प्रुफं मीच वाचणार, असं आप्पांनी सांगून टाकलं. पूर्वी आठ दिवसांत होणाऱ्या कामाला चार महिने लागले. ते पूर्ण बरे झाले असं मी म्हणणार नाही. दाराची डावी चौकट शेवटपर्यंत त्यांच्या खांद्याला लागायची, आणि रस्ता त्यांनी एकट्यानं कधी ओलांडला नाही. पण प्रुफं आली ती चोख. डावीकडचं जग हरवण्याच्या विकारावर मी आता चार पानं लिहिली होती, आणि घाईत एके ठिकाणी ‘रुग्णाला उजवी बाजू जाणवत नाही’ असं लिहून गेले होते. समासात आप्पांचं तिरकं अक्षर होतं : ‘बाई, डावी. मला विचारा.’

दीड महिन्यापूर्वी ते हार्ट अटॅकनं गेले. हा लेख इथवर लिहून झाल्यावर गेल्या रविवारी मी मलकापूरला गेले. काकींना वाचून दाखवावा म्हणून कागद काढले, तर त्यांनी ते माझ्या हातातून घेतले. उंबऱ्यापाशी उजेडात बसल्या, चष्मा लावला आणि ओळीवर बोट ठेवून एकेक शब्द ओठांत म्हणत वाचू लागल्या. पाऊण तास गेला. एका जागी बोट थांबलं. त्यांनी पेन्सिल मागितली, एक शब्द आडव्या रेघेनं खोडला आणि समासात गाठीसारखी खूण केली; शब्द गाळायचा असला की आप्पा करत तशीच. मी वाकून पाहिलं. ‘बिचारे आप्पा’ असं मी लिहिलं होतं.

“त्यो शब्द नगो,” काकी म्हणाल्या, आणि पुढची ओळ वाचू लागल्या.