पत्रकातला गुंड

मालकांनी प्रूफचा ओला कागद माझ्या तोंडावर मारला. शाई गालाला लागली. अख्खा छापखाना बघत होता.

"तुला खिळे जुळवायला ठेवलंय. अक्कल चालवायला नाही."

सोलापुरात तेव्हा मार्शल लॉ होता, गोरे सोजीर बंदुका घेऊन फिरत होते. मी वर्तमानपत्राच्या छापखान्यात कंपोझिटर, शिशाचे अक्षरखिळे जुळवणारा. मालकच संपादक. सरकारी कचेरीतून पत्रक यायचं, तीच बातमी. त्या दिवशी होतं, 'दगडफेक करणारा एक गुंड गोळीबारात ठार.'

तो गुंड म्हणजे माझा शेजारी इरण्णा. विणकर. जन्माचा बहिरा. पाण्याला निघाला होता. सोजीर थांब म्हणून ओरडला, ते त्याला ऐकूच गेलं नाही. मी दाराच्या फटीतून पाहिलं. बाहेर गेलो नाही. भ्यालो.

म्हणून ती ओळ मी बदलली होती. 'पाण्याला निघालेला बहिरा विणकर' असं जुळवलं होतं.

"छापखान्याला टाळं लागलं तर तुझा बाप उघडणार का? जुळव परत. माझ्यासमोर."

जुळवलं. ग. उकार. अनुस्वार. ड. खिळा दोनदा खाली पडला. मालक हसले.

दुसऱ्या दिवशी इरण्णाची बायको गौराव्वा पेपर घेऊन दारात आली.

"अण्णा, आमच्या ह्यांचं काय छापलंय? वाचा की."

होतं तसं वाचलं.

"बघितलं म्हणून तुमीच सांगितलंत न्हवं?"

"व्हय."

"मग हे कुणी केलं?"

"जुळवलं म्या."

तिनं पेपर घेतला आणि गेली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

त्याच दुपारी नवं पत्रक आलं. दुसरी गल्ली, दुसरा गुंड.

"मालक, हे माझ्या हातनं व्हायचं न्हाय."

"बाहेर पोलीस उभा आहे. सांगू त्याला?"

"सांगा."

त्यांनी सांगितलं. तीन महिने आत काढले. रोज वाटायचं, पाया पडावं आणि सुटावं.

सुटल्यावर गौराव्वाला घेऊन त्याच सरकारी कचेरीत गेलो. इरण्णा गुंड नव्हता, असा अर्ज मीच लिहिला होता. पाहिलं ते आणि जुळवलं ते, दोन्ही.

कारकून म्हणाला, "सही केलीस तर परत आत जाशील."

सही केली. त्यानं अर्ज आमच्यासमोर फाडला.

घरी आलो. दाराला कडी घातली. बाहेर बुटांचा आवाज झाला की दिवा फुंकायचो, मग परत लावायचो. तसाच बसून दुसरा अर्ज लिहिला.

फाडतील तितके लिहीन.