रस्त्याकडची खिडकी

नदाफ गेल्याचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. फोन बेळगावच्या दवाखान्यातून, त्याच्या मुलाचा. "काका, अब्बा गेले," एवढंच तो म्हणाला. मग त्यानंच विचारलं, "तुमचा नाष्टा झाला का?" मी "व्हय" म्हणालो आणि अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून खुर्चीत बसलो. हृदयानं घात केला असं नंतर कळलं. ईद होऊन जेमतेम महिना उलटला होता. आता त्यालाही काही आठवडे झालेत. या वयात दुःखसुद्धा लवकर दमतं, पायऱ्या चढल्यासारखं मध्येच बसकण मारतं.

आम्ही दोघे निपाणीतल्या एकाच हायस्कुलात मास्तर होतो. मी इतिहास शिकवायचो, तो मराठी. घरात दख्खनी, कचेरीत कन्नड आणि वर्गात मराठी, अशा तीन कपड्यांत तो आयुष्यभर वावरला आणि एकाचीही इस्त्री त्यानं कधी मोडू दिली नाही. सीमाप्रश्नावर भाषण करायला कुणी बोलावलं, तर म्हणायचा, "माझी सीमा फळ्यापाशी संपते. तिथं चुकलेलं पुसता येतंय." निवृत्तीनंतरही आमची घरं जवळ, म्हणजे त्याच्या गल्लीतून निघून तंबाखूच्या जुन्या वखारीला वळसा घातला की माझं दार. तो मला आप्पा म्हणायचा. मी त्याला नदाफच म्हणत आलो. त्याचं पहिलं नाव फक्त त्याची बायको आणि सरकार वापरायचं.

आमचं घर जैन. मी स्वतः कशावरही फारसा विश्वास ठेवत नाही, पण माझी बायको सुनंदा दिवस मावळल्यावर पाणीसुद्धा तोंडात घेत नाही. त्यामुळं रमजानात एक गंमत व्हायची. संध्याकाळी मशिदीचा भोंगा झाला, की सुनंदा ओटा पुसून स्वयंपाकघराचा दिवा घालवायची, आणि त्याच भोंग्याला नदाफाच्या घरी सगळे खजुराकडं हात न्यायचे. एकीकडं तोंड बंद, दुसरीकडं उघडं. एवढ्या वर्षांत आम्ही चौघं संध्याकाळी एका पंगतीला बसलो नाही. नदाफ म्हणायचा, "आप्पा, तुमचा सूर्य आणि आमचा सूर्य एकच, फक्त त्येची ड्यूटी येगळी."

दिखाव्याची त्याला माझ्याइतकीच शिसारी. गावातले पुढारी इफ्तार द्यायचे. तासाभरापुरत्या टोप्या घालून, मागं स्वतःचा फ्लेक्स लावून, दुपारी भरपेट जेवून आलेल्या हातांनी खजूर वाटायचे. नदाफ एकदाच गेला होता. परत आला आणि म्हणाला, "उपास आमचा, फोटो त्येंचा." मी हसलो, तर त्यानं लगेच हिशेब चुकता केला, "हसू नको रं. तुमच्यात उपास सोडणाऱ्याची बँड लावून मिरवणूक निघती, त्ये बघितलंय मी. आमच्यात निदान बँड तरी न्हाई." त्याच्या मते रोजा ही माणसाची आतली गोष्ट, बनियनसारखी. असतो सगळ्यांना ठाऊक, दाखवत कुणी फिरत नाही.

रोजा त्याला अवघड असा कधी गेलाच नाही. मार्चच्या उन्हात शेवटच्या तासाला कोरड्या ओठांनी तो समास शिकवत उभा असायचा, आणि पहिल्या बाकावरच्या पोरांच्या पाण्याच्या बाटल्यांकडं बघायचाही नाही. मी समोर चहा प्यायला बिचकलो, तर म्हणायचा, "पी की. तुझा चहा माझ्या पोटात जातोय व्हय?"

मग साखर आली. आधी गोळ्या, नंतर इन्सुलिनची सुई. यंदा रमजान तोंडावर आला तेव्हा डॉक्टरनं बजावलं, सकाळी सुई घ्यायची तर दुपारी वेळेवर जेवायलाच हवं, रोजा बिलकूल नाही. मौलानांनी तर डॉक्टरच्याही पुढं जाऊन सांगितलं, की आजाऱ्याला अल्लानंच सूट दिलीय. कायमचा आजार असेल तर एकेका रोजाबद्दल एका गरिबाला जेवू घाला, त्याला फिद्या म्हणतात, आणि निवांत खा. नदाफानं दोघांचंही ऐकलं. पलीकडच्या गल्लीतल्या एका विडी वळणाऱ्या म्हातारीला रोजचा डबा सुरू केला. तिचा डबा वेळेवर जायचा. ह्याचं ताट मात्र जागेवरच राहायचं. पहिल्याच आठवड्यात तो भर दुपारी अंगणात कोसळला. तोंडात साखर कोंबून शुद्धीवर आणला.

मी भेटायला गेलो तेव्हा तोंडात येईल ते बोललो. तो ऐकून घेऊन म्हणाला, "देवाची परवानगी हाय रं, डॉक्टरची हाय. पण घरात बायको, सून, पोरगा सगळ्यांचा रोजा. सुनंच्या ओठाला पाण्याचा थेंब न्हाई आणि तिनं मला गरम भाकरी वाढायची? घास उतरत न्हाई, आप्पा... खरंच उतरत न्हाई."

मी म्हणालो, मग आमच्याकडं जेव, आमच्यात कुणाचा रोजा नाही. दुसऱ्या दिवसापासून तो दुपारी माझ्याकडं यायला लागला. घरी रोजा चालूच आहे असं भासवायचा आणि सांगायचा, पेपर वाचायला जातोय. येताना काखेत खरोखर पेपर असायचा. आत आला की पहिल्यांदा रस्त्याकडची खिडकी लावायचा, मग खुर्ची फिरवून तिच्याकडं पाठ करून बसायचा. खिडकीची कडी कुरकुरायची. गल्लीला कळेल म्हणून त्यानं सुनंदाकडून वाटीत खोबरेल मागून घेतलं आणि स्वतः कडीत सोडलं. चोरी कशाची, तर सुनंदाच्या हातच्या भाकरीची, मुगाच्या आमटीची आणि हिंग-जिऱ्याच्या ताकाची. आमच्यात कांदा-लसूण नाही. पहिल्या दिवशी चव घेऊन म्हणाला, "वहिनी, तुमच्यात जेवायचं म्हणजे निम्मा रोजा धरल्यागतच झालं की." सुनंदा म्हणाली, "मग निम्मं पुण्य आम्हाला द्या, भाऊजी."

जेवण झालं की चूळ भरायचा, मिशा पुसायचा आणि माझ्यापुढं तोंड आणून विचारायचा, "काय लागलंय का बघ." मी तपासून पास करायचो. मग ओठ कोरडे करून, खांदे जरा पाडून, रोजेदारासारखा सावकाश घरी जायचा. संध्याकाळी सगळ्यांबरोबर बसून खजूर उचलायचा. मी चिडवलं, की नाटकात गेला असतास तर नाव काढलं असतंस. तो चिडला नाही. म्हणाला, "लोकांसाठी न्हाई रं करत. त्यांच्या संगं बसायला लाज वाटू नये, एवढ्यासाठी." असा उरलेला महिना काढला. पाडवा आणि ईद लागून आले, शिरकुर्म्याचा वास आमच्या दारापर्यंत आला, आणि त्याची साखर त्या दिवसांत कधी नव्हती इतकी ताळ्यावर राहिली.

तो गेल्यावर शोकसभा झाली. गावाला सभेचं निमित्त लागतं, आणि मेलेला माणूस हरकत घेत नाही. हार घातलेला फोटो, चार मोठे लोक आणि त्यांच्याहून मोठा माइक. एका पुढाऱ्यानं माइक जवळ ओढून सांगितलं, की सरांनी जीवघेण्या आजारातही अखेरच्या रमजानचा एकही रोजा सोडला नाही, असे निष्ठावान लोक आता होणे नाहीत. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! सुनंदानं माझ्याकडं बघितलं, मी छताकडं. त्यानं माझ्याकडं आयुष्यात एकच गुपित ठेवायला दिलं होतं, ते तिथं उठून फोडायची माझी छाती झाली नाही. शिवाय मला वाटलं, एवढ्या खोट्यात हे एक खोटं खपून जाईल.

ते खपलं नाही. परवा हमीदाभाभी, म्हणजे नदाफाची बायको, आमच्याकडं आल्या. त्याच खुर्चीत बसल्या. सुनंदानं पुढं केलेलं ताक हातात धरून त्यांनी वास घेतला आणि म्हणाल्या, "ह्योच वास."

मला कळेना. तेव्हा म्हणाल्या, "आप्पा, रोजा धरलेल्या माणसाच्या तोंडाचा वास काय असतोय, ते मला शिकवायला पायजे व्हय? सगळ्या घराला त्यो वास, आणि ह्यांच्या मिशीला हिंगाचा. पहिल्याच दिवशी कळालं."

"मग बोलला न्हाईत?"

"कशाला बोलू? जेवत होते न्हवं? बोलले असते तर त्येबी बंद केलं असतं."

आम्ही खिडक्या लावत बसलो होतो आणि ती बाई उपाशी पोटी त्याच्या मिशीतला हिंग हुंगून रोज निर्धास्त होत होती. मी स्वतःला मोठा कारस्थानी समजत होतो, ते उतरलं.

पण त्या हे सांगायला आल्या नव्हत्या. त्यांचा खानापूरचा थोरला भाऊ, तोही सुईवरचा. डॉक्टरचं ऐकून त्यानं यंदा रोजे धरले नव्हते. शोकसभेला तो पुढच्याच खुर्चीत होता. ते भाषण ऐकून घरी गेला आणि सुटलेले रोजे भरून काढायला बसला. दाजींना जमलं, मला का न्हाई, एवढंच म्हणतो. एकदा दवाखान्यात नेऊन आणलाय, तरी ऐकत नाही.

"तुम्ही सांगितलं न्हाई त्याला?" मी विचारलं.

"सांगितलं की. म्हणतोय, नवरा गेलाय म्हणून बाई कायबी बोलाय लागली." त्यांनी ताक खाली ठेवलं. "माझं ऐकत न्हाई. छापून आलेलं ऐकतोय त्यो. तुम्ही पेपरात लिवा."

"भाभी, नदाफाला आवडलं नसतं."

"न्हाई आवडायचं," त्या म्हणाल्या. "पण ह्यांचं आता काय बिघडायचं राहिलंय? माझ्या भावाचं राहिलंय."

म्हणून हे लिहिलं. नदाफ सरांनी शेवटच्या रमजानात, कोसळल्यानंतर, रोज दुपारी भाकरी खाल्ली. पोटभर खाल्ली, वर ताक प्यायले. त्यांच्या धर्मानं ती खायला मुभा दिली होती आणि त्यांच्या वाटणीचं एक ताट रोज एका म्हातारीकडं जात होतं. खानापूरला हे कुणी वाचत असेल, तर त्यानं आजची सुई घेतली असल्यास आधी उठून जेवावं, बाकीचं मग वाचावं.

काल दुपारी सुनंदानं भाकरी वाढली आणि मी उठून रस्त्याकडची खिडकी लावली. कडी कुरकुरली नाही, त्याचं खोबरेल अजून पुरतंय.

"किती उकडतंय, उघडा की," सुनंदा म्हणाली.

"जेवण झाल्यावर," मी म्हणालो, आणि खुर्ची फिरवून बसलो.