थोरलीनं "घे" म्हटलं तेव्हा

तेलाच्या टाकीतून नुकत्याच वर आलेल्या माणसाच्या मांडीला मांडी लावून तुम्ही कधी जेवलात का? नाही ना? मग "रोबोनं गरिबाच्या पोटावर पाय आणला" हे मला शिकवू नका. पाय रोबो आणत नाही, मालक आणतो.

आमची थोरली सून लग्न झाल्यापासून टाक्या खरवडायची. कमरेला दोर, हातात खरवडणी, आणि केसांना असा वास की साबणानं हात टेकले. कारखान्यात रोबो आला आणि तिला घरी बसवायचं ठरलं. मी फाटकात ठिय्या मारला. रोबो चालवायला हीच बसेल! साहेब म्हणाले, "चालवून दाखवा. नाही जमलं तर काम बाहेरच्या कंपनीला."

आता रोबो टाकीत उतरतो आणि थोरली वर खोलीत चष्मा लावून उभी राहते. शेजारी तिची धाकटी जाऊ. चष्म्यातून दोघींना समोर तीच टाकी दिसते, एकमेकींचे हातही दिसतात. इथं हात हलवला की तिथं रोबोचा हलतो. एकीनं खरवडायचं, दुसरीनं गाळ ओढायचा. रोबो मात्र एकच. म्हणून त्याचा ताबा सोडणारीनं "घे" म्हणायचं, धरणारीनं "घेतला". दोन्ही ऐकल्याशिवाय तो जागचा हलत नाही. ही रीत थोरलीचीच. पूर्वी दोर एकीच्या हातातून दुसरीच्या हातात देताना टाकीतल्या बायका असंच ओरडायच्या.

आणि नेमका परीक्षेच्या दिवशी दोघींचा अबोला! थोरलीनं धाकटीचं शिलाई मशीन न विचारता भंगारात दिलं होतं.

थोरलीनं एक बाजू झकास खरवडली, रोबोचा ताबा सोडला आणि धाकटीला नुसतं खुणावलं. रोबो भिंतीला पालीसारखा चिकटून गप्प. साहेब चुळबुळले. "बाहेरच्यांनाच बोलवू," एक जण पुटपुटला. माझं डोकंच फिरलं. "अगं, तोंड उघड! नाहीतर दोघी मिळून घरी बसा!"

शेवटी थोरली म्हणाली, "घे."

धाकटीनं हाताची घडी घातली. "आधी माझ्या मशीनचं बोला, जाऊबाई."

"इथं?"

"इथंच. घरी तुम्ही ऐकता कुठं?"

चष्म्याचा माइक चालू होता, साहेबांसकट सगळे ऐकत होते.

"चुकलं बाई माझं. नवं आणते. आता घेतेस, की पाय धरू?"

"पाय राहू द्या. घेतला!"

मग काय, दोघींचे हात असे चालले की साहेब खुर्चीत पुढे सरकून बसले. टाकी लख्ख झाली. नेमणुकीचे कागद त्यांना तिथंच सही करून द्यावे लागले. मी दारात उभीच होते. थोरली बाहेर आली तेव्हा तिच्या केसांना फक्त खोबरेल तेलाचा वास होता.

तुमच्या ओळखीतली कुणी अजून टाकीत उतरत असेल, तर तिला शिकायला आमच्याकडे पाठवा. जोडीनं पाठवा. अबोला असला तरी चालेल, तो आम्ही सोडवून घेऊ.