बुधवारचे तीन तास

मालन वाघचौरे यांचं काम रिकामी जागा शोधण्याचं आहे. विक्रोळीच्या एका औषध कारखान्यात गोळ्या भरलेल्या पट्ट्या त्यांच्यासमोरून सरकत जातात. ज्या पट्टीतला एखादा खण रिकामा दिसेल ती उचलायची आणि बाजूच्या टोपलीत टाकायची. नऊ वर्षं त्या हेच करतात. त्यांची सुपरवायझर नलिनी नव्या मुलींना सांगते, "मालनच्या टेबलावरून रिकामी पट्टी पुढे गेली, तर मी माझ्या कानातल्या कुड्या काढून देईन."

घर घाटकोपर पश्चिमेला, टेकडीच्या पायथ्याच्या चाळीत. नवरा धोंडिराम रेल्वेत गँगमन. नेमणूक इगतपुरीला, घरी येणं शनिवारी. मुलगी एकच. मीरा आठ वर्षांची, तिसरीत. कारखाना साडेआठ ते पाच आणि शाळा अकरा ते पाच. मधल्या वेळेची व्यवस्था मालनबाईंनी बारकाईने लावली होती. शेजारच्या रुक्मिणीकाकू सकाळी मीराला जेवायला वाढत, वेणी घालून शाळेत धाडत आणि घराची किल्ली कनवटीला लावून दीड वाजता पूर्वेच्या एका इमारतीत स्वयंपाकाला जात. परतत सव्वापाचला. त्याच सुमाराला मीरा यायची आणि पाठोपाठ मालनबाई. मीराला दोन नियम पाठ होते. रस्त्यावर उभं राहायचं नाही आणि कोणाच्याही घरात जायचं नाही.

मालनबाई संगमनेर तालुक्यातल्या एका खेड्यात सातवीपर्यंत शिकल्या. चाळीतल्या कितीतरी बायका मुलांच्या डायरीवर अंगठा उठवतात किंवा न वाचता सही ठोकतात. मालनबाई रोज संध्याकाळी डायरी वाचतात, मगच सही करतात.

सत्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये, एका सोमवारी, मीराने डायरी पुढे केली. फळ्यावरून उतरवून घेतलेलं वाक्य होतं: "दर बुधवारी मोठ्या सुट्टीनंतर शाळा नाही. शिक्षकांची टाचण बैठक."

"टाचण म्हणजे काय गं?" मालनबाईंनी विचारलं.

"बाई वहीत लिहितात ना, उद्या काय शिकवायचं ते. आता सगळ्या बाई एकत्र बसून लिहिणार."

"बरं."

"मग मी कुठे जाऊ?"

"बघू. अवकाश आहे अजून. तेव्हाचं तेव्हा बघू."

त्यांनी सही केली आणि भाकऱ्या करायला बसल्या.

सात ऑक्टोबरला, बुधवारी, कारखान्यात पट्ट्या बंद करणारं यंत्र बिघडलं. दीड वाजता त्या बाजूच्या सगळ्या बायकांना घरी सोडलं. दिवाळी पंधरा दिवसांवर होती. मीराच्या फ्रॉकचं कापड घ्यायचं राहिलं होतं. बाईंना विचारून पोरीला लवकर सोडवू आणि परस्पर दुकानात जाऊ, असा विचार करून मालनबाई पावणेतीनला शाळेच्या फाटकाशी आल्या. फाटकाला आतून कडी होती. पहारेकरी राजाराम स्टुलावर बसून तंबाखू मळत होता.

"तिसरी ब मधल्या मीराला बोलवा जरा. मी तिची आई."

"कुणाला बोलवू? वर्गात कोण नाय."

"म्हणजे?"

"बुधवार ना आज. दोनलाच सुटते शाळा. आत बाई लोक टाचणं काढतायत."

"आजपासून?"

राजाराम हसला. "आजपासून कुठलं? गणपतीच्या आधीपासून चाललंय. ठाऊक नाय तुम्हाला?"

मालनबाईंनी त्याला पुन्हा तेच विचारलं. त्याने पुन्हा तेच सांगितलं. मग त्या फाटकाचा गज धरून उभ्या राहिल्या. गणपतीची सुट्टी वगळली तरी सात बुधवार होत होते. सातही बुधवारी मीरा सव्वापाचला दप्तर पाठीला लावून घरी आली होती. वेणी जागच्या जागी, डब्यातली भाजी संपलेली. शाळेत आज काय केलं, असं विचारलं की मराठीचा धडा सांगायची, कविता म्हणून दाखवायची.

त्या चाळीत गेल्या. दाराला कुलूप. गॅलरीत कोणी नाही. नळावरच्या बायकांनी मीराला दुपारी कधीच पाहिलं नव्हतं. तिथून त्या पुलावरून पूर्वेला गेल्या, रुक्मिणीकाकू काम करतात त्या इमारतीच्या खाली उभ्या राहून त्यांनी हाका मारल्या. काकू पिठाच्या हाताने जिना उतरून आल्या.

"काय गो मालन? चेडवाक काय झाला?"

"काकू, मीरा शाळेत नाही. दोनलाच सुटली. दर बुधवारी सुटते म्हणे."

"काय सांगतस?" काकू पायरीवरच बसल्या. "माका कोण बोलला नाय. मी तर तिका साडेदहाक धाडतंय रोजच्यासारखी."

"बुधवारची ती कशी असते आल्यावर? काही वेगळं?"

काकूंनी क्षणभर डोळे मिटले. "वास," त्या म्हणाल्या. "बुधवारी तिच्या फ्रॉकाक फिनेलचो वास येता. माका वाटला, शाळेत लादी पुसूक लावतत पोरांका. मी म्हटलंय पण तुका सांगूचा म्हणून. मग इसारलंय."

फिनेलचा वास येणाऱ्या जागा मालनबाईंच्या माहितीत दोनच होत्या. एक स्टेशनातली मुतारी. दुसरी, शाळेकडून चाळीकडे येताना लागणारा पालिकेचा दवाखाना. त्या चालत गेल्या की धावत, हे त्यांना आठवत नाही. पायातली एक चप्पल पुलावर तुटली आणि दुसरीही त्यांनी तिथेच सोडली, एवढं आठवतं.

दवाखान्यात भिंतीला लागून लाकडी बाकं होती आणि सगळी भरलेली. तिसऱ्या बाकावर, एका म्हाताऱ्या बाईच्या आणि तोंडाला रुमाल लावून खोकणाऱ्या एका माणसाच्या मध्ये, मीरा बसली होती. दप्तर मांडीवर, त्यावर वही. शुद्धलेखन लिहीत होती.

तिने वर पाहिलं. आई अनवाणी, केस सुटलेले.

"आई, तू आजारी आहेस?" मीराने विचारलं.

मालनबाई बाकाशी आल्या. सफाईवाली सुगंधा बादली घेऊन येत होती. ती म्हणाली, "हिची आई का तुम्ही? मग ती आजी कोण? दर बुधवारी आजीबरोबर येते की."

"कुठली आजी?"

"ही नाही, मागच्या वेळची. त्याच्या आधी आणखी एक होती." सुगंधाने बादली खाली ठेवली. तिच्याही लक्षात आलं. "अगं बाई. ए पोरी, तू म्हणालीस ना मला, माझं माणूस आत गेलंय म्हणून?"

मीरा वही दप्तरात भरू लागली. बाकासमोरच्या दारावर पाटी होती. मालनबाईंनी ती वाचली. क्षयरोग तपासणी, बुधवार, दुपारी दोन ते पाच.

बाहेर आल्यावर त्यांनी मीराचे दोन्ही दंड धरले.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं."

"कधी सांगितलंस? खोटं बोलू नकोस!"

"डायरीत दाखवलं. तू सही केलीस. मी विचारलं, कुठे जाऊ, तर तू म्हणालीस, तेव्हाचं तेव्हा बघू."

"अगं, ते मोठ्या सुट्टीनंतर होतं ना? दिवाळीनंतर!"

मीरा आईकडे बघत राहिली. "मोठी सुट्टी दोन वाजता होते," ती म्हणाली. "छोटी साडेबाराला. मोठी दोनला. घंटा तीनदा देतात."

मालनबाईंच्या गावच्या शाळेत मधली सुट्टी असे, एकच. मोठी सुट्टी म्हणजे दिवाळीची किंवा मे महिन्याची. फळ्यावरचं वाक्य त्यांनी दोनदा वाचलं होतं आणि दोन्ही वेळा तोच अर्थ लागला होता: दिवाळीची सुट्टी संपली की बुधवारी शाळा भरणार नाही. काकूंशी बोलायला त्यांच्या हिशेबाने अजून महिनाभर होता.

"पण दवाखान्यात का गं?"

"रस्त्यावर उभं राहायचं नाही," मीराने सांगितलं. "कोणाच्या घरात जायचं नाही. तिथे बसलं तर कोणी काही विचारत नाही. म्हातारी बाई असली तर अजिबात नाही विचारत."

दवाखान्याच्या डॉक्टरांनी त्याच दिवशी मीराला तपासलं. हाताच्या आतल्या बाजूला क्षयाच्या चाचणीची सुई टोचली, छातीचा फोटो काढायला चिठ्ठी दिली. मालनबाईंवर ते चांगलेच चिडले. मग सगळं ऐकल्यावर सुगंधाला म्हणाले, "सात आठवडे एक मूल इथे बसतं आणि आपल्यापैकी कोणाला कळत नाही?" सुगंधा म्हणाली, "तुम्ही पण दोनदा तिच्या डोक्यावर हात फिरवून गेलात, साहेब."

फोटो स्वच्छ निघाला. सुईची जागाही सुजली नाही. तीन महिन्यांनी पुन्हा दाखवा, असं कागदावर लिहून मिळालं.

गुरुवारी मालनबाई कामावर गेल्या नाहीत. अकराच्या आधी त्या मुख्याध्यापक भाऊराव यांच्या खोलीत होत्या. वर्गशिक्षिका जयंतीबाईही होत्या. मुख्याध्यापकांनी डायरी उघडून सहीवर बोट ठेवलं.

"सूचना दिलेली आहे. वाचून सही केलीत. आता शाळेने काय करावं?"

"सर, मोठी सुट्टी म्हणजे काय?"

"म्हणजे काय म्हणजे? दोनची."

"मला दिवाळीची वाटली."

मुख्याध्यापक हसणार होते. त्यांनी जयंतीबाईंकडे पाहिलं आणि हसले नाहीत. जयंतीबाईंनी डायरी हातात घेऊन ते वाक्य वाचलं, मग पुन्हा वाचलं. ते त्यांच्याच हाताने फळ्यावर लिहिलेलं होतं.

"वेळ लिहायला हवी होती," त्या म्हणाल्या.

"बाकी बेचाळीस पालकांना कळलंच ना?" मुख्याध्यापक म्हणाले.

"विचारते," असं म्हणून जयंतीबाई वर्गात गेल्या. मालनबाई दाराबाहेर थांबल्या.

जयंतीबाईंनी मुलांना विचारलं, काल दोन वाजता ज्यांच्या घराला कुलूप होतं त्यांनी उभं राहा. आधी कोणी उठेना. मग मीरा उठली. मग एकेक करत, मीरा धरून, एकोणीस मुलं उभी राहिली. कुठे गेला होतात, हे बाईंनी एकेकाला विचारलं. एक मुलगा कसायाच्या दुकानामागे कोंबड्यांचे पिंजरे मोजत बसतो. दोघी बहिणी सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभ्या राहतात, नंबर आला की पुन्हा मागे जातात. एक जण बसने माहुलपर्यंत जातो आणि त्याच बसने परत येतो. कंडक्टर त्याच्या काकाचा मित्र आहे. एक मुलगी म्हणाली, "मी जिन्यात बसते, पण वरचे काका आले की पळते." का पळतेस, असं विचारल्यावर तिने मान खाली घातली.

जयंतीबाईंनी पुढे कोणाला विचारलं नाही. त्या बाहेर आल्या, भिंतीला टेकल्या. मालनबाईंनी आपल्या पिशवीतली पाण्याची बाटली त्यांना दिली.

त्या मुलीच्या आईला दुपारीच बोलावून घेण्यात आलं. जिन्यातल्या माणसाचं पुढे काय करायचं ते तिने आणि चाळीतल्या बायकांनी पाहिलं. शाळेने बुधवारची बैठक रद्द केली नाही; तसा अधिकार आपल्याला नाही, संस्थेला आहे, असं मुख्याध्यापकांनी सांगितलं. पण घरी कोणी नसलेल्या मुलांनी चित्रकलेच्या वर्गात पाचपर्यंत बसावं आणि शिक्षकांनी पाळीपाळीने तिथे बसूनच टाचणं काढावीत, हे त्यांनी मान्य केलं. पालकांकडून अर्ज मागवले. शुक्रवारी आणखी दोन आया अर्ज घेऊन आल्या. त्या दोघींनाही मोठी सुट्टी दिवाळीचीच वाटली होती.

पुढच्या बुधवारी मालनबाईंनी अर्धा दिवस रजा टाकली. नलिनी म्हणाली, "आता काय गं? शाळेने सोय केली ना?"

"केली."

"मग?"

"बघते एकदा."

दोनला दहा मिनिटं असताना त्या शाळेसमोरच्या पिठाच्या गिरणीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. घंटा तीनदा झाली. मुलं फाटकातून लोंढ्याने बाहेर पडली. मालनबाईंनी एकेक चेहरा पाहिला. मीरा त्यात नव्हती. फाटक बंद झालं. गिरणीवाल्याने बसायला डबा पुढे केला, त्या बसल्या नाहीत. तीन वाजले, चार वाजले. त्यांची नजर फाटकावरून हलली नाही.

पाचला मीरा वर्गातल्या इतर अठरा जणांबरोबर बाहेर आली. आईला पाहून रस्त्यापलीकडेच थबकली. मग दोन्ही बाजू बघून रस्ता ओलांडला.

"तू इथे काय करतेस?"

"बघत होते."

"काय?"

"तू बाहेर येतेस का ते."

"मी तर आत होते," मीरा म्हणाली. "तू किती वेळ उभी आहेस?"

"दोनपासून."

मीराने गिरणीकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. "रस्त्यावर?" तिने विचारलं.

मालनबाईंनी तिचं दप्तर आपल्या खांद्यावर घेतलं आणि दोघी घराकडे निघाल्या.